जगण्याचा रेडिमेड अर्थ नको असलेल्यांचा बुद्ध

वैशाख पौर्णिमा जवळ आली की, आणि मग पुन्हा दसऱ्याच्या आसपास, एक वाद हमखास पेटतो आणि दरवर्षी तितक्याच वाईट पद्धतीने लढला जातो. एक पार्टी म्हणते बौद्ध धर्म निराशावादी, सगळं दुःख आहे म्हणतो, आत्मा नाही म्हणतो, देव नाही म्हणतो, मग माणसाने जगायचं तरी कशासाठी? दुसरी पार्टी म्हणते छे हो, बुद्ध म्हणजे शांती, डोळे मिटा, श्वास बघा, आयुष्याचा अर्थ आत आहे, हे मोर्चे आणि निळे झेंडे म्हणजे राजकारण झालं, ओरिजिनल बुद्धाचा त्याच्याशी काय संबंध. तिसरी पार्टी (हिच्यात माझे बरेच जवळचे लोक आहेत) म्हणते ध्यानबिन सगळं थोतांड, बुद्ध म्हणजे समता, विषय संपला. तिघंही तावातावाने भांडतात, आणि ज्या माणसावरून भांडण चाललंय त्याला हा प्रश्न समोरासमोर विचारला गेला तेव्हा त्याने काय केलं, ते बघायला मात्र कुणी जात नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'आयुष्याचा अर्थ काय' या प्रश्नाचं उत्तर बुद्धांनी दिलंच नाही आणि ते न देणं हीच त्यांची मोठी देणगी आहे. कारण वरून आलेला, तयार मिळालेला अर्थ बहुतेक वेळा कुणाच्या तरी दुःखाचं समर्थन करायला कामी येतो. आपल्याकडे तर फारच. तुझा जन्म सेवेसाठी, तू मागच्या जन्मीचं फेडतोयस, असा जगण्याचा अर्थ ज्यांना पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनी ठरवून दिला होता त्यांना अर्थ सांगणारा आणखी एक गुरू काय कामाचा? दुःख कुठून येतंय ते बघ आणि ते थांबव, असं सांगणारा कुणीतरी हवा होता.

मज्झिम निकायातली (बुद्धांच्या उपदेशांचा हा एक जुना पालि संग्रह) मालुंक्यपुत्ताची गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. हा भिक्खू एकदा हट्टाला पेटतो. जग शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एकच की वेगवेगळे, तथागत, म्हणजे बुद्ध, मरणानंतर असतो की नसतो, हे मला सांगा, नाही सांगितलंत तर मी संघ सोडून चाललो. सरळ अल्टिमेटम. बुद्ध त्याला विचारतात की बाबा रे, मी तुला कधी म्हटलं होतं का की ये माझ्याकडे, मी तुला याची उत्तरं देतो? नाही ना? मग ती प्रसिद्ध बाणाची उपमा येते. एकाला विषारी बाण लागलाय, नातेवाईक वैद्य घेऊन आलेत, आणि हा म्हणतो थांबा, आधी सांगा बाण मारणारा क्षत्रिय होता, ब्राह्मण होता, वैश्य होता की शूद्र, त्याचं नाव काय, गोत्र काय, उंच होता की बुटका, धनुष्य कुठलं, बाणाला पीस गिधाडाचं लावलंय की मोराचं. उत्तरं मिळेपर्यंत माणूस गेलेला. (जीव चाललाय आणि पहिला प्रश्न कुठला, तर समोरच्याची जात! अडीच हजार वर्षांत आपण कुठवर आलो याचा अंदाज यावरूनच घ्या.)

यावर पहिला आक्षेप येतो की ही पळवाट आहे, आणि आक्षेप दमदार आहे. 'कशासाठी जगायचं' हे सगळेच काही टाइमपास म्हणून विचारत नाहीत. ज्याचं तरुण पोर गेलंय, ज्याची दुबार पेरणीही करपलीय, त्याने हा प्रश्न केला तर त्यालाही सांगणार का की तुझा प्रश्न गैरलागू आहे? मला वाटतं किसा गोतमीची गोष्ट इथे आठवायला हवी, आणि नेहमीपेक्षा जरा नीट वाचायला हवी. श्रावस्तीची ही बाई मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरतेय. बुद्ध तिला सांगतात, ज्या घरात कधीच कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी घेऊन ये. मोहरी प्रत्येक घरात होती, तसं घर मात्र एकही नव्हतं. आपण यातून मरण अटळ असा धडा काढतो आणि पान उलटतो. पण बुद्धांनी काय सांगितलं नाही तेही बघा ना. मूल का गेलं ते सांगितलं नाही. देवाची मर्जी म्हणाले नाहीत, तुझ्या पूर्वजन्माचं पाप म्हणाले नाहीत, त्या काळात ही उत्तरं अगदी हाताशी होती तरी. त्यांनी तिला दारोदार पाठवलं, म्हणजे गावातल्या प्रत्येक घराचं दुःख तिला ऐकायला लावलं. एकटीचं दुःख घेऊन निघालेली बाई सगळ्यांचं दुःख बघून परत आली. याला पळवाट म्हणायचं असेल तर म्हणा, माझ्या मते तरी 'सगळं काही कारणासाठी घडतं' या वाक्यापेक्षा ही फार प्रामाणिक वागणूक आहे.

हे 'कारणासाठी घडतं' प्रकरण दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. सुखवस्तू माणूस स्वतःच्या आयुष्याबद्दल ते म्हणतो तेव्हा त्याला धीर येतो, ठीक आहे. पण तेच वाक्य गावकुसाबाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याचा अर्थ होतो, तुझी अवस्था न्याय्य आहे, गप बस. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला गेलेल्या लोकांना मार कशासाठी बसला? ते पाणी पिण्याने तळं आटणार नव्हतं. त्यांच्या जगण्याला जो अर्थ लावून दिला होता तो त्या ओंजळीने मोडत होता. म्हणूनच १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केल्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंत जी २१ वर्षं गेली ती काही नुसता कुठल्या धर्मात जागा रिकामी आहे हे शोधण्यात गेली नाहीत. वरून अर्थ न लादणारा, आणि तरीही माणसाला नीतीने बांधणारा धम्म पाहिजे, अशी ती दुहेरी अट होती आणि ती पुरी करणारे फारसे दावेदार नव्हतेच.

आता इथे विरोधकांचं सगळ्यात धारदार हत्यार मीच काढून ठेवतो, कारण आपल्याकडचे लोक ते लपवतात आणि मग तोंडावर पडतात. त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ पालि ग्रंथांत, कर्म आणि पुनर्जन्म जागोजागी आहे. मज्झिम निकायातच सुभ नावाचा तरुण विचारतो की कुणी अल्पायुषी कुणी दीर्घायुषी, कुणी गरीब कुणी श्रीमंत, कुणी नीच कुळात कुणी उच्च कुळात, असं का? आणि तिथे उत्तर मिळतं ते कर्माचंच मिळतं, उद्धट वागणारा नीच कुळात जन्मतो वगैरे. म्हणजे तयार अर्थ न देणारा बुद्ध हे तुम्ही सोयीने निवडलेलं चित्र आहे, असं कुणी म्हटलं तर त्याच्या हातात पुरावा आहे. मग काय करायचं? बाबासाहेबांनी जे केलं ते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न उघडपणे मांडलेत, त्यातला एक नेमका हाच आहे की आत्मा नाही आणि कर्म-पुनर्जन्म आहे, हे जुळतं कसं. लपवलं नाही, भिडले.

आणि ग्रंथांतच दुसरीकडे काय आहे तेही बघितलं पाहिजे. संयुत्त निकायात मोळिय-सीवक नावाचा परिव्राजक (भटका संन्यासी) विचारतो की काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, तुमचं मत काय? बुद्ध म्हणतात, काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही ऋतू बदलल्याने, काही अपघाताने, आणि असं असताना सगळं पूर्वकर्मामुळे म्हणणं हे प्रत्यक्ष अनुभवालाही सोडून आहे आणि जगात जे सत्य मानलं जातं त्यालाही सोडून. अंगुत्तर निकायात तर ते तीन मतांना एकाच रांगेत उभं करतात: सगळं पूर्वकर्मामुळे, सगळं ईश्वराने केलं म्हणून, सगळं काही कारण नसताना. आणि म्हणतात तिन्हींचा शेवट एकच, माणूस हातपाय हलवायचं सोडून देतो. माझ्या दृष्टीने या वादातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही आहे. दैववाद, देववाद आणि 'कशालाच काही अर्थ नाही' हा शून्यवाद, तिघांना त्यांनी एकाच निकषावर नापास केलं, आणि निकष हा की तुझ्या मतामुळे तू काही करायला उठतोस की हातावर हात ठेवून बसतोस? मग सुभाच्या त्या सुत्ताचं (उपदेशाचं) काय, ते प्रक्षिप्त, म्हणजे मागून घुसडलेलं का? मी तसं म्हणणार नाही, ते म्हणणं फार स्वस्त आहे. मी एवढंच म्हणेन की दोन सुत्तं दोन दिशांना ओढत असतील तर कुठलं घ्यायचं याची कसोटी त्याच ग्रंथांत दिलीय, आणि धम्म हा नदी ओलांडायचा तराफा आहे, पलीकडे गेल्यावर डोक्यावर वाहायचा नाही, हेसुद्धा तिथेच लिहिलंय.

निराशावादाचा आरोप मला खरं तर कंटाळवाणा वाटतो, पण तो बाबासाहेबांनाही सतावत होता हे कबूल केलं पाहिजे. चार आर्यसत्यं जशी सांगितली जातात तशी घेतली तर माणसाला आशाच उरत नाही, मग ही मूळ शिकवण की नंतरच्या भिक्खूंनी घातलेली भर, अशी शंका त्यांनी त्याच प्रस्तावनेत घेतलीय. मला त्यांची शंका समजते पण तितकं लांब जायची गरज वाटत नाही. रोग आहे, रोगाला कारण आहे, तो बरा होऊ शकतो, हे औषध, असं सांगणाऱ्या डॉक्टरला निराशावादी कोण म्हणतं? पहिलंच वाक्य ऐकून दवाखान्यातून उठून गेलेला पेशंट म्हणू शकतो फार तर. युरोपात शोपेनहॉअरच्या काळात बौद्ध मत म्हणजे शून्याची पूजा असा एक समज पसरला होता आणि आपले काही विद्वान तो अजून उगाळतात, तो त्या उठून गेलेल्या पेशंटचा रिपोर्ट आहे.

बरं, दुःख म्हणजे फक्त मनाचं का? धम्मपदाच्या अट्ठकथेत (जुन्या भाष्यात) आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. बुद्ध गावात आलेत, प्रवचन आहे, आणि याचा बैल हरवलाय. बैल शोधून, गोठ्यात बांधून, उपाशीपोटी धापा टाकत हा उशिरा पोचतो. बुद्ध तोवर बोलायला सुरुवातच करत नाहीत, आल्यावर विचारतात काही अन्न उरलंय का, त्याला आधी जेवायला वाढा. तो जेवला, मग प्रवचन. बरोबरचे भिक्खू कुजबुजतात की हे काय नवीन, आणि त्यावर ती गाथा येते, भूक हा सगळ्यात मोठा रोग आहे. दीघ निकायातलं कूटदन्त सुत्त घ्या. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढलेत, राजाला मोठा यज्ञ करायचाय, पुरोहित त्याला सांगतो की फाशी, दंड, हद्दपारी याने हे थांबायचं नाही, शेतकऱ्याला बी-बियाणं आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला पगार दे, लोक आपापल्या कामाला लागले की दरोडे आपोआप थांबतील. हे कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यातलं नाही हो, पालि वाङ्मयातलं आहे. ज्यांना 'ओरिजिनल' बुद्ध पाहिजे त्यांनी हा पण घ्यावा मग.

आता डोळे मिटून बसणाऱ्यांकडे येतो. मी स्वतः शिबिराला बसलोय, त्यामुळे त्यांची थट्टा करणार नाही. त्यांचा मुद्दा पोकळ नाही. पोट भरलं, हक्क मिळाले, तरी माणूस तळमळतोच. वाराणसीचा यश हा काही दलित-वंचित नव्हता, तीन ऋतूंसाठी तीन वाडे असलेला श्रीमंताचा पोरगा होता, आणि तो मध्यरात्री उठून 'काय हा उपद्रव, काय हा ताप' म्हणत बाहेर पडला. समता आली की तृष्णा आपोआप जाते असं समजणं भाबडं आहे, आरक्षणाने नोकरी लागलेल्या आमच्यातल्याच पुढच्या पिढीचे ब्लडप्रेशरचे आकडे बघा. आत बघायला शिकवणारी पद्धत म्हणून विपश्यनेची किंमत मी कमी करत नाही. पण 'मूळ बौद्ध धर्म आमचा, तुमचा बाबासाहेबांनी बनवलेला' हा जो टोन लागतो ना, तिथे इतिहास मध्ये आणावा लागतो.

हजार वर्षांहून जास्त काळ बौद्ध देशांतला सामान्य गृहस्थ काय करत होता? दान द्यायचा, शील पाळायचा, पौर्णिमेला विहारात जायचा. ध्यान हे साधारणपणे भिक्खूंचं काम, आणि तेसुद्धा सगळ्या भिक्खूंचं नाही. घरदार सांभाळणाऱ्या माणसांनी मोठ्या संख्येने विपश्यनेला बसणं ही अगदी अलीकडची गोष्ट आहे, आणि तिच्या जन्माची एक खूण आपल्या रत्नागिरीत उभी आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशातलं मंडाले घेतलं आणि तिथल्या थिबा राजाला उचलून रत्नागिरीला आणून ठेवलं, तो १९१६ साली तिथेच वारला, थिबा पॅलेस बघायला सहली जातात. राजा गेला म्हणजे धम्माला आश्रय देणाराच गेला. आता धम्म टिकवायचा कुणी, या काळजीतून लेडी सयाडो वगैरे ब्रह्मी भिक्खूंनी अभिधम्म (बौद्ध तत्त्वचिंतन) आणि ध्यान सामान्य लोकांच्या हातात द्यायला सुरुवात केली. त्या परंपरेतून पुढे सयाजी ऊ बा खिन आले, जे सरकारी अकाउंट्स खात्यातले बडे अधिकारी होते, त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका, ते १९६९ ला भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. म्हणजे परकी सत्तेने सगळं उलथंपालथं केल्यावर, काळाची गरज ओळखून, धम्माची नव्याने मांडणी झाली. आणि नवयान, म्हणजे बाबासाहेबांनी मांडलेला धम्म, काय आहे? तेच की! नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणीसुद्धा मूळचे ब्रह्मदेशातलेच. एक मांडणी नवी म्हणून खोटी असेल तर दुसरीही आहे. आणि दोन्ही खऱ्या असतील, जे माझं मत आहे, तर मग 'ओरिजिनल'चं सर्टिफिकेट वाटणं बंद करा.

नुसतं आत बघून भागत नाही याचा पुरावा पाहिजे तर जपान बघा. १९३० आणि ४० च्या दशकात झेन पंथाच्या संस्था आणि त्यांचे नावाजलेले गुरू, ज्यांची ध्यानातली गती कुणी नाकारणार नाही, सम्राटाच्या युद्धामागे उभे राहिले, 'मी' विसरण्याची साधना सैनिकाने मरणाची आणि मारण्याची भीती विसरावी म्हणून वापरली गेली. म्यानमारमध्ये, जिथून आपली विपश्यना आली तिथेच, चीवर घातलेली माणसं रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरवत होती. ध्यान केल्याने माणूस शांत होतो हे खरं, पण शांतपणे तो काय करतो हे ध्यान ठरवत नाही, शील ठरवतं. कंपन्यांमधल्या माइंडफुलनेसचं तेच. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी दुखणाईत पेशंटसाठी एक चांगला कोर्स सुरू केला, त्याची नातवंडं आता ऑफिसच्या अ‍ॅपमध्ये शिरलीत, बारा तास काम करा आणि दहा मिनिटं श्वास बघा. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्यं दिलीत: नोकराच्या ताकदीप्रमाणे काम द्या, जेवण आणि वेतन द्या, आजारपणात बघा, वेळच्या वेळी सुट्टी द्या. ते सुत्त एचआरच्या सेशनला कधी वाचून दाखवलेलं ऐकलंय कुणी?

आणि आता घरचा आहेर. समता हाच धम्म, बाकी सगळं भंपक, असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा शेवटपर्यंत वाचल्यात का असा मला कधी कधी प्रश्न पडतो. सुरुवातीच्या पाच-सहा सगळ्यांना पाठ, अमुक देव मानणार नाही, तमुक करणार नाही. पण पुढे अष्टांगिक मार्ग आहे, दहा पारमिता (पूर्णत्वाला न्यायचे सद्गुण) आहेत, प्राणिमात्रांवर दया आहे, प्रज्ञा-शील-करुणा आहे. पारमिता दहा कुठल्या ते विचारा बरं एकदा, शांतता पसरेल. नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे जायच्या जेमतेम काही दिवस आधी, बाबासाहेब काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्याबद्दल बोलले. त्यांचा मुद्दाच हा होता की शोषण संपवायचं हे दोघांचंही ध्येय, पण बळाने आणलेली समता बळ गेलं की टिकत नाही, माणसाचं मन बदललं तरच टिकते. मन बदलायचं म्हणजे काय, ते नुसत्या भाषणाने बदलतं का? मग विहार फक्त जयंतीला आणि निवडणुकीला उघडायचे आणि एरवी कुलूप, याला बाबासाहेबांचा धम्म म्हणायचं? रस्त्यावर उतरणाऱ्याला रागाची गरज असते हे मला मान्य आहे, महाडला राग होताच. पण राग मुरून कडवट झाला की तो शत्रूऐवजी स्वतःच्याच गटातल्यांवर निघतो, आपल्या चळवळीच्या फुटींचा इतिहास मी इथे सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

आत की बाहेर या भांडणाचं उत्तर फार जुन्या एका सुत्तात आहे आणि त्याकडे मराठी वाचकांचं लक्ष वेधणारा माणूस गोव्याचा होता. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६, बुद्धाचा शोध घ्यायला घरदार सोडून निघाले ते श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत गेले, पुढे फर्ग्युसनमध्ये पालि शिकवलं. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं बघून सिद्धार्थ रात्री गुपचूप पळाला ही कथा कोसंबींना पटत नव्हती. दीघ निकायात ती गौतमाबद्दल नाहीच, विपस्सी नावाच्या आधीच्या एका बुद्धाबद्दल आहे, आणि मज्झिम निकायात तर बुद्ध स्वतःच सांगतात की आईवडील रडत असताना मी केस-दाढी काढून बाहेर पडलो. गुपचूप कुठे राहिलं मग? कोसंबींनी बोट ठेवलं सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्तावर. तिथे बुद्ध आपल्याला संवेग का आला, म्हणजे आपलं मन कशाने हादरलं, ते सांगतात. शस्त्र हातात घेतल्याने भय जन्माला येतं, ही भांडणारी माणसं बघा. थोड्या पाण्यात मासे तडफडावेत तशी ही प्रजा तडफडताना, एकमेकांवर उठलेली बघून मला भीती वाटली. शाक्य आणि कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून झगडा आणि त्यातून गृहत्याग, ही मांडणी कोसंबींनी केली आणि पुढे बाबासाहेबांच्या ग्रंथातही गृहत्यागाचं कारण तेच आलं.

पण सुत्त तिथे संपत नाही, आणि नेमकी पुढची ओळ आमचे लोक विसरतात. बुद्ध म्हणतात, मग मला दिसलं की या सगळ्यांच्या हृदयात एक बाण रुतलाय, दिसायला कठीण असा, तो लागला की माणूस चहूकडे धावत सुटतो आणि तो उपसला की ना धावतो ना बुडतो. बघा म्हणजे, पाणी कमी आहे हेही खरं आणि बाण आत आहे हेही खरं, आणि दोन्ही एका दमात सांगितलंय. पाण्याचं वाटप नीट करा, बाणाचं नंतर बघू, असं नाही. बाण काढा, पाण्याचं आपोआप होईल, असंही नाही. कमी पाण्यात मासा कितीही ध्यानस्थ झाला तरी मरणार, आणि पाणी भरपूर झालं म्हणून मोठ्या माशाने लहान माशाला खायचं सोडल्याचं अजून तरी कुणी बघितलेलं नाही.

एक शेवटचा आक्षेप राहतो: हे सगळं भिक्खूंसाठी आहे, निब्बाण (निर्वाण) वगैरे, प्रापंचिक माणसाला यात काय? ग्रंथ भिक्खूंनी जपले त्यामुळे त्यांचा कल तिकडे आहे हे खरंच आहे, आणि भिक्खुणींवर घातलेल्या जाचक आठ अटीसुद्धा त्याच ग्रंथांत आहेत, ते काही भूषण नाही. पण मग कार्ल्याच्या लेण्यात चैत्याच्या दाराशी धेनुकाकटच्या सुताराचं आणि अत्तर विकणाऱ्या गंधिकाचं नाव कोरलेलं का सापडतं? जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने (संघटनेने) लेणं आणि पाण्याची पोढी (टाकं) का दिली? या लोकांना निब्बाण किती जवळ दिसत होतं कुणास ठाऊक, डोंगरावर पावसाळ्यात राहायला येणाऱ्याला छप्पर पाहिजे आणि उन्हाळ्यात पाणी पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं. पहिल्या साठ भिक्खूंना पाठवताना 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' म्हटलं आणि वर सांगितलं की एका वाटेने दोघं जाऊ नका. (आकाशवाणीने हे ब्रीद उचललं म्हणून निदान ते पाठ तरी झालं लोकांना.)

आमच्याकडे माणूस गेला की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्रिसरण-पंचशील होतं, अनिच्चा वत सङ्खारा म्हटलं जातं, म्हणजे निर्माण झालेलं सगळं नष्ट होणार हे आधीच सांगून टाकतात, स्वर्गाबिर्गाची गोष्ट कुणी काढत नाही. मग एकेक जण उठून बोलतो. गेलेल्या बाईने धुणीभांडी करून तीन पोरं शिकवली, वस्तीतल्या कुणाच्या बाळंतपणाला रात्री धावून गेली, विहाराच्या बांधकामाला पहिली वर्गणी तिची होती, दारू पिणाऱ्या जावयाला तोंडावर सुनावलं. कुणी पाच मिनिटं बोलतं, कुणी अर्धा तास, मध्येच कुणीतरी राजकारण घुसडतं आणि बायका हळूच घड्याळ बघतात. तिच्या आयुष्याचा अर्थ काय होता हे तिथे कुणीही विचारत नाही, कारण तिने काय केलं तेच सगळे सांगत असतात, आणि शेवटी घरचे जमेल तेवढं धम्मदान जाहीर करतात, विहाराला किंवा एखाद्या पोराच्या फीसाठी.